ड्रायरमधला चक्का

कपड्यांच्या ड्रायरमध्ये दही घालू नये, असं मशीनबरोबर आलेल्या माहितीपुस्तिकेत कुठेही लिहिलेलं नाही. मी नंतर नीट वाचून पाहिलं.

आता दही तिथे गेलं कसं, ते सांगतो. आमची लेक रेणू पुण्याला असते. तिच्या बाळंतपणासाठी माझी बायको माधुरी दिवाळीनंतर तिकडे गेली ती गेलीच. मी इथे भोपाळात, तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये एकटा. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी तिचा फोन आला.

"अहो, रेणू म्हणतेय उन्हाळा संपेपर्यंत राहा. संध्याकाळपर्यंत सांगते म्हटलंय तिला. तुमचं चालतंय ना?"

खरं सांगायचं तर माझं अजिबात चालत नव्हतं. चहा अजूनही दोन कपांचाच होत होता आणि दुसरा कप गार झाल्यावर मीच ओट्याशी उभा राहून पीत होतो. ऑफिसातून परत आलो की घर इतकं गप्प असायचं, की मी चपलासुद्धा हळू काढायचो. तिची फार आठवण येत होती. अगदी कपाट उघडून तिच्या साड्यांकडे बघत उभं राहण्याइतकी! पण हे फोनवर बोलणार कसं? आमच्या घराण्यात (आजोबा सरकारी दप्तरांबरोबर नागपूरहून इथे आले, तेव्हापासून तरी) कुणी बायकोला 'परत ये' म्हटल्याचं ऐकिवात नाही.

"अगं, आरामात राहा!" मी म्हणालो. "माझं उत्तम चाललंय. उद्या तर घरी श्रीखंड करतोय!"

"तुम्ही? चक्का करता येतो तुम्हाला?"

"त्यात काय यायचंय? संध्याकाळी फोन कर, चक्का दाखवतो!"

ऑफिसातून येताना भरपूर दही घेतलं, घरी येऊन ते पंच्यात बांधलं आणि मग आठवलं, की माधुरी चक्का रात्रभर टांगून ठेवते. तिचा फोन तर आता येणार होता. मी हताश होऊन बाल्कनीत गेलो. तिथे आमचं जुनं मशीन उभं होतं. त्याच्या एका बाजूला कपडे धुवायचे, दुसऱ्या बाजूला ड्रायर, म्हणजे भोकाभोकांचा टब. तो गरगर फिरतो आणि कपड्यांतलं पाणी बाहेर फेकतो. आणि चक्का म्हणजे तरी काय? पाणी काढलेलं दही! इतकी सोपी गोष्ट आजवर कुणालाच कशी सुचली नाही, म्हणून मला अख्ख्या महाराष्ट्राची कीव आली.

पंच्याचं गाठोडं आत टाकलं, झाकण लावलं, बटण फिरवलं. आधी सुर्रर्र झालं. मग धाड! धाड! धाड! मशीन जागेवरून निघालं आणि मला ढकलत बाल्कनीच्या कठड्यापर्यंत आलं. झाकणाच्या फटीतून पांढरे शिंतोडे उडाले. शेजारच्या बाल्कनीतून तिवारी भाभी डोकावल्या.

"भाईसाहब, भूकंप आ गया क्या?"

"नहीं भाभीजी, कपड़े सुखा रहे हैं।"

"और ये सफ़ेद-सफ़ेद क्या उड़ रहा है?"

"साबुन!"

भाभींनी गालावरचा शिंतोडा बोटानं पुसला, वास घेतला आणि म्हणाल्या, "आपका साबुन तो बड़ा खट्टा है!"

तेवढ्यात मशीननं एक कण्हल्यासारखा आवाज काढला आणि ते बंद पडलं. आत पाहतो तर गाठ सुटलेली, दही भोकांतून पसार आणि पंचा गायब! तो टबाच्या कडेवरून खाली घुसून अडकला होता. आता मेकॅनिकला बोलवायचं, तर त्याला सांगायचं काय? म्हणून ठरवलं, आपणच दुरुस्त करायचं. (यंत्रांशी माझा संबंध म्हणाल, तर शाळेच्या सहलीत गोविंदपुऱ्याचा एक कारखाना बाहेरून पाहिला होता.)

प्लग काढला. मागचं झाकण उघडलं. खालचा बोल्ट पान्यानं पिळायला लागलो, तर तो सैल व्हायच्या ऐवजी आणखी घट्ट! तिवारी भाभींना हे बघवेना. त्या चक्क आमच्या दारातून आत आल्या, पदर खोचला आणि ओरडल्या, "अरे, उल्टा घुमाइए!" उलटा फिरवला, बोल्ट निघाला. मग आम्ही दोघांनी मिळून टब वर ओढला. "ज़ोर लगाइए भाईसाहब, शरमाइए मत!" मी जोर लावला. टब सुटला आणि मी टबासकट मागे जाऊन दह्यात बसलो!

पंचा खालच्या दांड्याला गुंडाळला गेला होता. तो सोडवताना त्याच्याखाली आणखी काय काय हाताला लागलं. माधुरीच्या केसांच्या पिना, माझा एक हातरुमाल, आणि एक लहानसा मोजा. रेणूचा, शाळेतला. हा हरवला तेव्हा माधुरीनं घर डोक्यावर घेतलं होतं आणि रेणू एका पायात पांढरा, एका पायात निळा मोजा घालून रडत शाळेत गेली होती. मी तो मोजा हातात घेऊन दह्यातच बसून राहिलो. तेव्हा घरात किती आरडाओरडा असायचा आणि मी किती वैतागायचो! आता त्यातलं थोडंसं तरी परत मिळावं, असं फार वाटलं.

आणि फोन वाजला. व्हिडिओ कॉल! मी घाईघाईनं फोन नुसत्या चेहऱ्यासमोर धरला.

"झाला का चक्का?" माधुरी.

"होतोय, होतोय."

"केसांना काय लागलंय तुमच्या?"

मी काही बोलायच्या आत मागून भाभी ओरडल्या, "भाभीजी, आपके यहाँ दही मशीन में जमाते हैं क्या?"

मग मला सगळं सांगावंच लागलं. माधुरी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. हसू थांबलं, तसा मी मोजा फोनसमोर धरला. ती बघतच राहिली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "रेणूला काय सांगू?"

भाभी बाजूलाच उभ्या. माझ्या कानामागून दही ओघळत होतं. म्हटलं, आता आणखी कुठली अब्रू जायची राहिलीय?

"तिला सांग, बाबांना करमत नाही," मी म्हणालो. "तू ये परत."

"एवढं बोलायला ड्रायर मोडावा लागला तुम्हाला?" ती म्हणाली आणि डोळे पुसत पुन्हा हसायला लागली.

ती आली, तेव्हा पाडवा उलटून गेला होता. येताना पुण्याहून तयार चक्का घेऊन आली. मी केलेला चहा आम्ही समोरासमोर बसून प्यायलो, दोन्ही कप गरम.

ड्रायर मी जोडला आणि तो फिरतोही. (एक स्क्रू उरला. तो रेणूच्या मोज्यात जपून ठेवलाय.) फक्त आमचे कपडे दोरीवर पडले, की तिवारी भाभी पलीकडून विचारतात, "भाभीजी, आज कढ़ी बनी है क्या?"

माधुरी नुसतं माझ्या बनियनकडे बोट दाखवते.