कडुबाभाऊंनी मारलेला नावाडी

बसमध्ये त्या पुस्तकाला पहिला टोमणा मी मारला, हे आधीच सांगून टाकतो. उगाच नंतर दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

आमची कंपनी वाळूजला, गाड्यांचे पार्ट बनवणारी. फर्स्ट शिफ्टची बस पडेगावहून सकाळी सहाला निघायची आणि छावणी, नगरनाका करत पावणेसातला गेटवर लागायची. त्या पाऊण तासात कडुबा निकाळजे आम्हाला पुस्तक वाचून दाखवायचे. ड्रायव्हरच्या मागची तिसरी सीट त्यांची. चष्मा चढवायचे, घसा खाकरायचे आणि "काल कुठं थांबलो होतो?" असं विचारायचे. स्वतःला पक्कं ठाऊक असायचं, तरी विचारायचे. गेट आलं की पुस्तक मिटून चष्मा खिशात, आणि म्हणायचे, "चला, पंचिंग करा." सात वर्षांत या वाक्यात काही बदल झाला नाही.

कंपनीत ते क्वालिटीला होते. पार्ट उचलायचा, गेजमध्ये बसवून बघायचा, नाही बसला की लाल रेघ मारून बाजूला. मी प्रेस शॉपचा. माझे पार्ट त्यांनी इतके लाल केले की एकदा जेवणाच्या सुट्टीत आमची चांगलीच जुंपली होती. मी म्हणलं, भाऊ, एवढ्या बारक्या फरकानं काय आभाळ कोसळतंय? ते म्हणाले, फरक बारका असो का मोठा, बसत नाही म्हणजे बसत नाही. आठ दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. पण सकाळी त्यांच्या मागच्या सीटवर मीच बसायचो, ते काही सोडलं नाही.

वाचायची सवय त्यांना गावच्या विहारातली. वर्षावासाचे तीन महिने तिथं रोज संध्याकाळी ग्रंथवाचन व्हायचं आणि शाळेत जाणारा पोरगा म्हणून वाचायला यांना बसवायचे. वडील समोर बसायचे. वडिलांना अक्षर येत नव्हतं, पण दरवर्षी ऐकून ऐकून सगळं पाठ झालेलं. पोरानं एक ओळ गाळली तरी हात वर करून थांबवायचे. जे लिहिलंय ते वाचायचं, गाळायचं नाय आणि पदरचं घालायचं नाय, हा त्यांचा नियम. बसमध्ये पहिल्या दिवशी पुस्तक उघडायच्या आधी कडुबाभाऊंनी आम्हालाही तो सांगितला होता.

पुस्तकाचं नाव 'धूम्रगडचे वारस'. लेखकानं पाच भाग होतील म्हणून जाहीर केलं होतं. झाले बारा. अरिंजय नावाचा राजपुत्र, त्याचं हरवलेलं सिंहासन, धूर ओकणारे राक्षस, सात दरवाजे. पहिले दोन भाग आम्ही अधाशासारखे ऐकले. एकदा मी अंगात ताप असताना कामावर गेलो, कारण आदल्या दिवशी अरिंजय विहिरीत पडला होता.

आणि त्यात होता सटवा नावाडी. बाकी सगळे दरबारी भाषेत बोलायचे, हा एकटा आपल्यासारखा. राजपुत्रानं पहिल्यांदा विचारलं, ही नदी कुणाच्या राज्यात येते? तर सटवा म्हणाला, "नदी कुणाच्या बापाची नाय. बस नावंत." सगळी बस हसली होती. त्यात फकिरा तर सीटचा दांडा बडवायचा. फकिरा पेंट शॉपचा, गाव देवगाव रंगारी, पडेगावात खोली करून राहायचा. दोन दिवस सटवा आला नाही की विचारायचा, आपला माणूस कुठं गेला?

चौथ्या भागात घोळ झाला. सैन्य एका निळ्या खोऱ्यात अडकलं ते अडकलंच. लेखक झेंड्यांचे रंग सांगतोय, पंगतीतले पदार्थ सांगतोय, घोड्यांच्या सात पिढ्या सांगतोय. दिवाळीला खोऱ्यात शिरलेलं सैन्य संक्रांत झाली तरी खोऱ्यातच. कडुबाभाऊ एक अक्षर गाळत नव्हते. माणसं चुळबुळ करायला लागली. आणि एका सोमवारी माझी सटकली. मी मोठ्यानं म्हणलं, "भाऊ, त्या राजपुत्राला म्हणा एसटी पकड. माझं पोरगं अंगणवाडीतून दुसरीत गेलं, याचं खोरं काही संपंना."

बस खो खो हसली. मला चेव आला. खिशातून इअरफोन काढले आणि सगळ्यांना दिसेल असे कानात घातले. आठवड्याभरात आणखी आठ-दहा जणांनी घातले. कुणी मोबाईलवर मॅच बघायला लागलं, कुणी मागं जाऊन झोपायला. कडुबाभाऊंनी एकदाही मागं वळून बघितलं नाही. आवाज तेवढा थोडा वाढवला.

मग फेब्रुवारीतल्या एका सकाळी सटवा मेला. पुरात नाव घातली, राजपुत्राला काठाला ढकललं आणि बांबू हातात धरलेला असतानाच पाण्यानं ओढला. गेट आलं, कुणी उठेना. ड्रायव्हर मागं वळून बघायला लागला. फकिरानं मफलर तोंडावर ओढून घेतला होता, आम्ही समजलो रडतोय. त्या दिवशी कडुबाभाऊ पंचिंगचं काही बोलले नाहीत, गुपचूप उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी सगळे इअरफोन काढून पुन्हा पुढं सरकून बसले. मी सोडून. आणि फकिरा सोडून. तो मागच्या टोकाच्या सीटवर, खिडकीशी जाऊन बसला तो कायमचा. कडुबाभाऊ रोज बसमध्ये चढले की आधी मागं बघायचे, मग चष्मा काढायचे. नावाड्याच्या मरणाचा जोर महिनाभर टिकला, पुढं पुन्हा एकेकाच्या कानात इअरफोन. फकिरानं व्हीआरएस घेतली आणि गावी शेतीवर गेला. लॉकडाऊननंतर कंपनीनं बस बंद केली, जो तो मोटरसायकलवर. शेवटी शेवटी बसमध्ये वाचायचे तेव्हा ऐकणारे दोन होते आणि त्यातला एक झोपलेला असायचा.

कडुबाभाऊ रिटायर झाले. त्यांची बायको मुक्ताबाई पुण्याला सम्यककडे, म्हणजे पोराकडे, नातवाला सांभाळायला गेली ती दोन महिन्यांसाठी. तिला आता तीन वर्षं झाली. हे जाऊन आले, पण अकराव्या मजल्यावर त्यांचा जीव रमेना. पडेगावच्या घरात एकटे. मी त्यांच्या गल्लीवरून रोज जायचो. ओट्यावर बसलेले दिसायचे. मी हॉर्न वाजवायचो, ते हात करायचे. थांबलो कधीच नाही. आता वाटतं, पाच मिनिटं थांबलो असतो तर काय बिघडलं असतं?

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी ते माझ्या घरी आले. हातात बारावा भाग. सहा वर्षं लटकवून लेखकानं एकदाचा काढला होता. सम्यक त्यांना म्हणाला होता, बाबा, लोकांनी आठव्या भागातच नाद सोडला, तुम्ही एकटेच राहिलात. चहा झाला, कप खाली ठेवला आणि कडुबाभाऊ म्हणाले, "राजेंद्र, सटवा मेला नव्हता. पुस्तकात तो जित्ता हाय. मी मारला त्याला."

मला आधी कळेचना. मग त्यांनी पिशवीतून चौथा भाग काढून दाखवला. पानंच्या पानं लाल रेघा. रिजेक्ट माल. खोरं ऐकून माणसं उठून चालली म्हणून त्यांनी आधी परिच्छेद गाळले, मग पानं गाळली. तरी कुणी परत येईना, म्हणून एका सकाळी मनानंच नावाड्याला बुडवला. बापाचा नियम मोडला. पुढच्या सात भागांत सटवा पानोपानी होता. जिथं जिथं आला तिथं पेन्सिलीनं दुसऱ्याचं नाव लिहून वाचायचे. दुसरा भागही दाखवला. त्यात सटवा म्हणतो, "नदी ही कोणाच्याही मालकीची नसते, राजकुमार. नौकेत विराजमान व्हावे." म्हणजे आमच्यासारखा बोलणारा सटवा पुस्तकात कधी नव्हताच.

मला राग आला. का आला ते मी त्यांना बोललो नाही. एवढंच विचारलं, कशाला केलं असं?

"माणसं चालली होती रे," ते म्हणाले.

त्यांना आता एकच करायचं होतं. देवगावला जाऊन फकिराला सांगायचं होतं की तुझा माणूस जित्ता आहे, आणि शेवटच्या भागातला सटवाचा शेवट त्याला वाचून दाखवायचा होता. त्यासाठी सहा वर्षं या भागाची वाट बघितली. पण भाग दोनदा वाचून काढला, त्यात सटवा नाहीच. अकराव्या भागात लेखकानं त्याला कुठल्याशा काठावर उभा केला आणि विसरून गेला. ज्यानं जन्म दिला त्यालाच आठवण नाही. मी म्हणलं, मग काय वाचणार? ते म्हणाले, बघू तिथं. फकिराच्या पायाशी बसून एकदा खरं बोलू दे मला.

माझ्या गाडीवर दौलताबाद, कसाबखेडा करत आम्ही देवगावला गेलो. रस्ताभर त्यांनी पिशवी दोघांच्या मध्ये घट्ट धरलेली, पुस्तकाचा कोपरा माझ्या पाठीत रुतत होता.

फकिरा अंगणात लिंबाखाली बाजेवर बसला होता. लई खूश झाला. त्याच्या सुनेनं, मोनिकानं, पाणी दिलं, चहा दिला. गुडघ्यांचं झालं, कांद्याचं झालं, कोण कोण रिटायर झालं ते झालं. मग कडुबाभाऊंनी कप खाली ठेवला आणि माझ्यापुढं बोलले होते तसंच सगळं बोलले. मान खाली घालून, एका दमात.

फकिरा ऐकत राहिला. मग म्हणाला, "कोण सटवा?"

कडुबाभाऊंनी आठवण करून दिली. नावाडी. पूर. तू त्या दिवशी रडला होतास. फकिरानं खूप विचार केला. बिचाऱ्याला आठवायचं होतं, नाही असं नाही. शेवटी म्हणाला, बसमधी तू कायतरी वाचायचास खरं. रडलो का काय ते ध्यानात नाय, मफलर तर गारठ्यानं रोजच तोंडावर असायचा. कडुबाभाऊंनी विचारलं, आणि मागं जाऊन बसलास ते? "मागं टेकून झोप बरी लागायची. पुढं तुझा आवाज यायचा ना," असं म्हणून तो हसला. मनात काही न ठेवता हसला.

कडुबाभाऊही थोडं हसले. व्हय, व्हय म्हणाले. पुस्तक पिशवीत घातलं आणि चेन ओढायला लागले. चेन अडकली. ते ओढत राहिले, ती सरकेना. सत्तरीकडं झुकलेला माणूस, दहा वर्षं एक गुन्हा उराशी घेऊन बसलेला, आणि तो गुन्हा ज्याचा केला त्याला पत्ताच नाही. माझ्याच्यानं बघवलं नाही.

"भाऊ," मी म्हणलं, "माझ्या इअरफोनमधी गाणं नसायचं."

त्यांनी मान वर केली.

पहिले दोन दिवस लावलं होतं गाणं. तिसऱ्या दिवशी दोन गाण्यांच्या मध्ये सटवाचा आवाज आला आणि मी बंद केलं. पण चाळीस माणसांत फुशारकी मारून घातलेले इअरफोन काढायचे कसे? मोडेन पण वाकणार नाही, हे आमच्या घराण्याचं खूळ. बस बंद होईपर्यंत मी नुसते बोळे घालून ऐकलं. खोरं ऐकलं, घोड्यांच्या पिढ्या ऐकल्या. सटवा मेला त्या दिवशी मी दोनशे पार्ट वाकडे मारले आणि संध्याकाळी घरी जेवलो नाही. हे सगळं मी त्यांना सांगितलं. नावाडी त्यांनी माझा मारला होता, फकिराचा नाही.

ते माझ्याकडं बघायला लागले. पार्ट हातात घेऊन बघायचे तसेच.

"सटवा काय म्हणायचा?" त्यांनी विचारलं.

"नदी कुणाच्या बापाची नाय. बस नावंत."

त्यांनी बारावा भाग पिशवीतून काढला. चष्मा चढवला, घसा खाकरला, पुस्तक शेवटाकडं उघडलं आणि वाचायला लागले. अरिंजय म्हातारा होऊन नदीवर येतो. पलीकडच्या काठावर कुणीतरी उभं आहे, हातात बांबू. राजा हाक मारतो, एवढी वर्षं इथंच होतास? तो म्हणतो, मग, तुम्ही न्यायला येणार म्हणाला होता ना. फकिरा बाजेवर आडवा झाला आणि दहा मिनिटांत घोरायला लागला. कडुबाभाऊंनी आवाज वाढवला नाही. मी वाकून बघितलं. पानावर प्रकाशकाच्या दुसऱ्या पुस्तकांची यादी होती. त्या यादीवरून त्यांचं बोट ओळीनं सरकत होतं. यादी संपली. त्यांनी पान उलटलं, पुढं नुसता पुठ्ठा. त्या पुठ्ठ्यावर बोट ठेवून त्यांनी सटवाला नदी ओलांडून घरापर्यंत पोचवलं.

मग पुस्तक मिटलं, चष्मा खिशात घातला.

"चला," ते म्हणाले, "पंचिंग करा."

आम्ही दोघंही उठलो नाही.