टांग्याच्या घोड्याचं शेपूट

पावसाळा ओसरू लागला की माझ्या दुकानात आजारी वाद्यांची रांग लागायची. ब्रह्मपुरीच्या आसपास धानाची कापणी झाली की गावोगावी नाटकं होत, आणि चार महिने खुंटीला टांगलेलं फिडल लोकांना त्याच्या तोंडावरच आठवायचं. ओलीनं सरस सुटून पाठ उकललेली असे, सारंगीचं कातडं ढिलं पडलेलं असे, आणि वाजवायच्या गजाचे केस तर कीड फस्त करून टाकी. लाकडाचं मी बघून घेई, कारण सुतारकी घरचीच. सरससुद्धा घरीच शिजवायचो आणि त्या वासापायी बायकोच्या शिव्या खायचो. केसांपुढे मात्र माझा इलाज चालत नसे. ते नागपूरहून यायचे, आणि त्या वर्षी आलेच नाहीत.

गजाला घोड्याच्या शेपटीचे केस लागतात. लांब हवेत, पांढरे हवेत आणि घोडीचे नकोत, कारण ते मुतानं भिजून ठिसूळ होतात. असा घोडा आमच्या गावात एकच होता आणि तो माझ्या दोस्ताच्या टांग्याला जुंपलेला असायचा. दोस्त स्टेशनावरून सवाऱ्या आणायचा आणि दुपारी माझ्या ओट्यावर बसून बिडी ओढायचा. मी चाचरतच त्याच्यापाशी विषय काढला. तो हसला.

"घे ना भाऊ, लागन तेवढे घे. शेपूट काय, अजून वाढते."

पहिल्यांदा मी जपून कापले. एका नाटक मंडळीच्या फिडलचा गज बांधला, राळ घासली आणि दोस्तासमोरच ओढून दाखवला. स्वर असा मोकळा निघाला की तो बिडी ओढायचं विसरला. मग आठवडाभर टांग्यात बसेल त्याला सांगत सुटला, "त्या फिडलमंधी माह्याच घोडा बोलते."

त्याच्या या जाहिरातीनं माझं गिऱ्हाईक वाढलं. वडशाहून कुणी दिलरुबा घेऊन आला, आणखी दोन फिडलं आली, एक सारंगी आली. मी पुन्हा पुन्हा कात्री घेऊन तबेल्यात गेलो आणि दुसऱ्या खेपेपासून विचारणंही सोडून दिलं. शेपटीतले निम्मे केस आखूड, तुटके, पिवळे निघतात, ते टाकावेच लागतात. म्हणून एका गजासाठी चांगला जुडगाच कापावा लागतो. इथवर मी स्वतःची समजूत घालू शकतो. पण शेवटच्या खेपेला माझ्यापुढे एकही गज नव्हता. पुढल्या वर्षी नागपूरवाल्याच्या नाकदुऱ्या काढायला नकोत, म्हणून मी केस निवडून डबा भरून ठेवला. हावरटपणा होता तो, दुसरं काही नाही.

दिवस भादव्याचे. आमच्याकडे त्या दिवसांत जंगलाच्या कडेला माश्या अशा उठतात की बैलसुद्धा चिखलात जाऊन बसतात. घोडा उरलेला खुंट इकडून तिकडे हलवायचा आणि माश्या त्याच्या पुठ्ठ्यावर खुशाल बसून राहायच्या. दोस्ताच्या बायकोनं मला एकदा वाटेत थांबवलं.

"भाऊ, माशी हाकलाले त्याले काईच उरलं नाई ना."

मी म्हटलं, बारदान बांधा. एवढं बोलून मी वाटेला लागलो. घोड्याला एवढं काय होतंय, असंच मला वाटलं होतं.

घोड्यानं बारदान झटकून टाकलं. मग भिंतीला अंग घासू लागला, घासून घासून जखम केली आणि जखमेत किडे पडले. जुंपला की लाथा झाडायचा. एक दिवस स्टेशनच्या रस्त्यावर सवारी वळकटीसकट खाली आली आणि त्यानंतर त्या टांग्यात कुणी बसेना. मी कडुनिंबाचा पाला वाटून नेला, फिनेल नेलं, ढोरांच्या डॉक्टरला हातापाया पडून आणलं. दुकान बंद ठेवून मी तबेल्यात बसायचो आणि टॉवेलनं त्याच्यावरच्या माश्या वारायचो. येणारे-जाणारे हसत. हसू देत, असं म्हणायचो. आतून मेल्याहून मेलो होतो. दोस्त शेजारी बसून असायचा, मला चहा आणून द्यायचा. दोन शिव्या हासडल्या असत्या तर मी त्याचे पाय धरले असते.

दिवाळीच्या आधी घोडा गेला. म्हातारा होता, जाणारच होता, असं चार जणांनी मला सांगितलं. त्यांच्या बोलण्यानं मला काडीचाही आराम पडला नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दोस्त दुकानात आला. त्याच्या गमछ्यात एक पुडकं होतं. उरलंसुरलं शेपूट त्यानं मुळापासून कापून, धुऊन, वाळवून, सुतळीनं बांधून आणलं होतं.

"तुले लागते ना," तो म्हणाला. "मातीत काऊन जाऊ द्याचं?"

टोमणा मारणं त्याच्या स्वभावातच नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच ते पुडकं हातात घेववेना. म्हणालो, "घेऊन जा रे हे. माह्याच्यानं होत नाई."

"नाटकाचे दिवस आले भाऊ. लोक वाट पाहून राह्यले तुही."

मग तो उठेना. गमछ्याची घडी घालत बसला, ती उलगडून पुन्हा घातली आणि खाली बघतच म्हणाला, "टांगा तर उभाच आहे. मले काई काम होईन का तुह्या दुकानात? कोणतंबी सांग."

मी हो म्हणालो. त्याला आत बोलावलं, सतरंजी टाकली, मांडीवर पांढरं फडकं पसरायला दिलं. आखूड केस कसे वेगळे काढायचे, तुटका केस चिमटीत कसा कळतो, ते दाखवलं. सुरुवात त्या पुडक्यापासूनच करावी लागली. त्याला देण्याजोगं दुसरं काम त्या दिवशी माझ्यापाशी नव्हतं.