पुष्पाच्या बाकावरचा स्कोअर

खटखट, खटखट, खटखट.

माझ्या तरुणपणी सुताचा व्यापारी आमच्या गल्लीत यायचा आणि कुणाशी न बोलता उभा राहायचा. नुसता ऐकायचा. ज्याचा माग चालू, त्याला सूत उधार. ज्याचा बंद, त्याच्या दारावरून तो पुढे. एवढीच चौकशी!

मी माग दुरुस्त करणारा मिस्तरी. कुठला माग कुणाचा, हे मी आजही डोळे मिटून सांगतो. रघुनाथचा माग तर तिसऱ्या ठोक्याला लंगडायचा. तो लंगडेपणा मला कधीच काढता आला नाही.

आता पत मोबाइलवर दिसते. तीनशेपासून नऊशेपर्यंत नंबर. साडेसातशेच्या वर गेलात तर बँक खुर्ची देते. गल्लीच्या तोंडाशी पुष्पाचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे, बाहेर बाक. त्या बाकावर आम्ही म्हातारे चहा पितो. मागाखाली रुई साचते तसे तिथे किस्से साचतात.

*

बहादरपूरचे दगडूभाऊ केळीवाले. त्यांना ट्रॅक्टर घ्यायचा होता. पुष्पानं बघितलं, तर नंबरच नाही!

"अगं, मी उभ्या आयुष्यात कुणाचा एक रुपया घेतला नाही!"

"म्हणूनच नाही, काका. परीक्षेलाच बसला नाहीत, तर मार्क कुठून येणार?"

शेवटी खिशात पैसे असताना दगडूभाऊंनी हप्त्यावर मिक्सर घेतला. हप्ता एक दिवससुद्धा चुकवला नाही. सात-आठ महिन्यांनी नंबर आला, तोही चांगला. दगडूभाऊ नंबराचा कागद घेऊन घरी गेले. वहिनी म्हणाल्या, "चटणी मी वाटली, अन् मार्क तुम्हाला?"

*

आमच्या बाकावरच्या सलीमभाईंनी एकाच दुपारी मोबाइलवरून पाच ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकले. कुणीतरी देईलच, हा हिशोब. कुणीच दिलं नाही, वर नंबर खाली आला.

पुष्पा म्हणाली, "चाचा, एका दिवसात पाच दारं वाजवली, की सहाव्याला वाटतं यांच्या घरी आग लागलीय."

"अन् मी स्वतः बघितला तर?"

"स्वतः बघितला तर कमी होत नाही."

झालं! सलीमभाई रोज सकाळी बघायला लागले. "सात सौ बारा! कल भी सात सौ बारा!"

"चाचा, केळीचं रोप रोज उपटून मुळं बघतं का कुणी?"

*

सलीमभाईंच्या जावयानं क्रेडिट कार्डाचं थकलेलं देणं अर्ध्यात मिटवलं. आनंदानं आम्हाला पेढे वाटले. वर्षानं मोटारसायकलसाठी बँकेत गेला, तर नकार. नोंदीत लिहिलेलं, 'सेटल्ड'.

"म्हणजे मिटलं ना?" सलीमभाई.

"मिटलं, पण पूर्ण दिलं नाही, असा अर्थ. डाग राहतो. बाकीचं भरून पूर्ण भरल्याचा कागद आणला तरच तो निघतो."

सलीमभाई आमच्याकडे वळले. "चलो भाई, पेढे वापस करो!"

*

हा किस्सा माझाच. माझी नात मंजू, तिला नर्सिंगला इंदूरला प्रवेश मिळाला. फी भरायला दहा दिवस होते. माझा मुलगा किशोर कर्जाला गेला, बँकेनं फॉर्म परत केला. किशोरनं कधी हप्ता चुकवलेला नाही.

पुष्पानं रिपोर्ट काढला आणि माझ्याकडे बघत राहिली. किशोर एका कर्जाला जामीन होता. ते कर्ज थकलेलं. चार वर्षांपूर्वी रघुनाथनं माग घेतला, तेव्हा मीच किशोरला म्हटलं होतं, "कर सही. रघू आपला माणूस आहे." मग रघूची बायको आजारी पडली, तिच्या दवाखान्यात त्याचे हप्ते राहिले.

मी हळूच म्हणालो, "पुष्पा, नाव घेऊ नको."

बाकावर सलीमभाईंनी विचारलं, "क्या हुआ, मिस्तरी? मंजूचं झालं का?"

"कागदात काहीतरी चूक आहे," मी म्हणालो.

रघुनाथ माझ्या शेजारीच होता. गार झालेल्या चहावर फुंकर घालत होता. ग्लास खाली ठेवून म्हणाला, "पुष्पा, अर्ध्यात मिटवलं, तर जामीनदार सुटतो का गं?"

पुष्पानं मान वर केली नाही. "नाही, काका. डाग त्यालाही राहतो."

*

फीला दोन दिवस उरले होते. सकाळी गल्लीतून बाकाकडे निघालो. लाइट होती, सगळे माग चालू होते. तरी चालताना काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. गल्लीच्या टोकाला आल्यावर कळलं. सगळे ठोके सरळ पडत होते. तिसऱ्या ठोक्याला लंगडणारा एकही नव्हता.

बाकावर बसलो. रघुनाथ आला, पण बसला नाही. खिशातून घडी केलेला कागद काढला आणि माझ्या ग्लासाखाली ठेवला.

पुष्पानं तो उघडून वाचला. "मिस्तरीकाका, सगळं कर्ज पूर्ण भरलंय. सेटल नाही, पूर्ण! किशोरदादांना आजच बँकेत पाठवा. नंबर मागाहून चढेल, पण हा कागद आज चालेल."

"रघू," मी म्हणालो, "चहा तरी घे."

तो गल्लीकडे वळला आणि चालत गेला.