शुक्रवारी उजवा कान, शनिवारी डावा

शुक्रवारी यादोभाऊंच्या उजव्या कानात इअरफोनची वायर असायची आणि शनिवारी डाव्या. रविवार ते गुरुवार दोन्ही कान मोकळे. भंडारा जिल्ह्यातल्या करडीच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मी डॉक्टर म्हणून रुजू झाले तेव्हा ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. ते ड्रेसर होते, नोकरीची तीस वर्षं उलटलेली. मी सांगलीकडची, सत्तावीस वर्षांची. जनावरं मला कळत होती, पण 'का'साठी 'काहून' आणि 'कशाला'साठी 'कायले' ऐकून अजून गोंधळायला व्हायचं.

माझ्या पहिल्याच शुक्रवारी आम्ही लाळ्या-खुरकूतची लस टोचायला शेजारच्या एका गावात गेलो होतो. बर्फाची पेटी कडुलिंबाखाली ठेवली होती, खोड्यात एक म्हैस अडकवलेली होती, मागे आणखी पंधरावीस जनावरं आणि त्यांचे मालक उभे होते. मी सिरिंज भरून वळले तर यादोभाऊंनी हात वर केला.

"थांबा जी मॅडम. एक मिनिट. सहावं संपून राहिलं."

मला वाटलं भजन असेल, किंवा एखादं कीर्तन. म्हैस शांत होती, मालकही शांत होता, म्हणजे हे गावाच्या अंगवळणी पडलेलं दिसत होतं. मिनिटभरानं त्यांनी मान हलवली आणि म्हशीची मान धरली. दुपारी डबा खाताना मी ती वायर मागून कानाला लावली. शिलाँगच्या चार मुलांचा बँड होता. त्याचं नावही मी तोवर ऐकलं नव्हतं, आणि कॉलेजात असताना आमच्या होस्टेलवर असल्या संगीतातली जाणकार म्हणून माझी ख्याती होती.

"हे तुम्ही ऐकता?" मी विचारलं.

"ऐकतो ना जी. आजच निघालं. नवीन सारं शुक्रवारीच निघते."

"कसं आहे?"

"उद्या सांगतो."

हा त्यांचा नियम होता. अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ऐकायचा, मधलं गाणं ओलांडायचं नाही. एक कान कामाला मोकळा हवा म्हणून वायर एकाच कानात. पुढे कधीतरी त्यांच्या लक्षात आलं, की एका बाजूनं येणारी गिटार दुसऱ्या बाजूला नसतेच. तेव्हापासून शुक्रवारी उजवी बाजू आणि शनिवारी डावी. दोन्ही बाजू ऐकून झाल्या की शनिवारी दुपारच्या चहाला मत. त्याआधी कितीही विचारा, ते म्हणायचे, "एका बाजूनं कसं सांगू?" मोटरसायकल चालवताना मात्र वायर खिशात. त्याबाबतीत ते कडक होते.

मत मात्र ठाम असायचं आणि दोन-तीन वाक्यांत संपायचं. बँडची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, म्हणून ते अल्बम चित्रावरून ओळखायचे. पिवळ्या खुर्चीवाला, तीन बायांवाला, ओल्या कुत्र्यावाला. पिवळ्या खुर्चीवाल्याबद्दल त्यांनी सांगितलं होतं, "ढोलवाला भला माणूस आहे. बाकीचे भांडून राहिले आणि तो एकटा घर सांभाळून राहिला." तीन बायांवाला त्यांना फार आवडला होता. "गळा चांगला नाही एकीचाबी. पण तिघी एकमेकींचं ऐकून गातात. कुठंच घाई नाही." इंग्रजी शब्द त्यांना अर्धेमुर्धे कळायचे. त्यावर मी एकदा बोट ठेवलं, तर शांतपणे म्हणाले, "म्हैस कोणत्या भाषेत सांगते मॅडम, कुठं दुखते ते?"

त्यांच्या काही अढ्याही होत्या. सहा मिनिटांपेक्षा लांब गाणं त्यांना मंजूर नव्हतं, आणि गाण्यात कुणी शीळ घातली की तो अल्बम त्यांच्या लेखी संपलाच. "शीळ ढोरं हाकायले असते," एवढंच स्पष्टीकरण. मी पुष्कळ वाद घातला, उपयोग झाला नाही.

आमचं खरं भांडण झालं ते ओल्या कुत्र्यावाल्यावरून. इंग्लंडातल्या एका बँडचा तो अल्बम होता. सगळीकडे त्याचं कौतुक चाललं होतं, आणि मी ते कौतुक आधी वाचलं आणि अल्बम नंतर ऐकला. शनिवारी चहाला मी यादोभाऊंना आवाजातली वेदना समजावून सांगत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"रडून राहिला तो, हे खरं. पण आरशात पाहून रडून राहिला."

मी चिडले. म्हणाले, तुम्हाला शब्द कळत नाहीत म्हणून असं वाटतं. त्यांनी कप उचलून उरलेला चहा संपवला. सोमवारी आंधळगावहून परत येताना मी तो अल्बम गाडीत लावला आणि चौथ्या गाण्यात गायकाचा हुंदका आला. पाचव्यात तसाच आला, अगदी त्याच जागी. मी तो बंद केला. दुसऱ्या दिवशी त्यांना तसं सांगितलं तर त्यांनी जिंकल्याचा भाव तोंडावर आणला नाही. "तुमी ऐकलं नव्हतं, वाचलं होतं. आता ऐकलं," एवढंच म्हणाले आणि एका बकरीच्या पायाची पट्टी सोडायला उठले.

या माणसाला हे संगीत सापडलं कुठं, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून होता. उत्तर मिळायला सात-आठ महिने गेले. एका शुक्रवारी संध्याकाळी आंधळगावात एक अडलेली गाय सोडवून आम्ही हात धूत होतो. वासरू जिवंत निघालं होतं, गायीचा मालक चहा ठेवायला आत गेला होता. यादोभाऊंच्या कानातलं गाणं मध्येच थांबलं. त्यांनी फोनकडे पाहिलं, वायर काढली आणि हसले.

"पल्लवी बसली बसमध्ये."

पल्लवी त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिचं तिथल्याच अनूप नावाच्या मुलावर मन बसलं होतं, तो केरळचा. तीन वर्षांपूर्वी ती हे सांगायला घरी आली होती.

"तिनं एवढंच म्हटलं मॅडम, 'बाबा, अनूप...' आणि मी म्हटलं, मले काही ऐकायचं नाही. पुढं काय सांगणार होती, ते मले आजपावतो माहीत नाही. दुसऱ्या दिवशी गेली. तिकडंच लग्न केलं."

जाताना तिचा जुना फोन घरी राहिला. महिन्याभरानं यादोभाऊंनी तो चार्ज केला, गाण्यांचं ॲप उघडलं आणि बटण दाबलं. ती जिथं थांबली होती तिथून गाणं पुढं सुरू झालं. आधी त्यांनी तिचं जुनं सगळं ऐकलं. मग दर शुक्रवारी ॲप जे नवीन पुढ्यात ठेवायचं ते ऐकू लागले. खातं तिचंच होतं, आणि त्या खात्यावर एका वेळी एकाच फोनवर गाणं वाजायचं. तिनं पुण्यात लावलं की करडीत बंद पडायचं.

"तेवढ्यानं समजते," ते म्हणाले. "सकाळी साडेआठले बस, संध्याकाळी सहाले बस. एकदा लागोपाठ दोन शुक्रवार बंदच नाही पडलं. लय घाबरलो मी. मंग समजलं, ताप होता तिले."

तापाचं तेवढं त्यांना बायकोनं आपणहून सांगितलं होतं. सुमनकाकू लेकीशी रोज फोनवर बोलायच्या. तो फोन सुरू झाला की यादोभाऊ उठून अंगणात जायचे आणि संपला की परत यायचे. कोणी कोणाला काही विचारायचं नाही. घर असं तीन वर्षं चाललं होतं.

"पण यादोभाऊ," मी म्हटलं, "तुम्ही लावलं की तिचंही बंद पडत असेल ना?"

"म्हणून तं एकदा बंद पडलं का तिची बस पोचेपर्यंत मी परत लावत नाही."

"तरी कधीतरी पडलंच असेल. तिला कळत असणार कोण ऐकतंय. तीन वर्षांत तिनं पासवर्ड बदललेला नाही."

त्यांनी वायर बोटाभोवती गुंडाळली. इतक्या बारीक कानाच्या माणसाला ही गोष्ट सुचली नव्हती, की सुचूनही त्यांनी ती दूर ठेवली होती, मला सांगता येणार नाही. चहा आला. तो त्यांनी तसाच गार होऊ दिला.

पुढच्या शनिवारी त्यांनी फोन माझ्यापुढं ठेवला. "यात लिहिता येते का कुठं?"

गाण्यांची यादी करता येते आणि यादीला नाव देता येतं, हे मी त्यांना दाखवलं. त्या आठवड्याचा अल्बम निळ्या सायकलवाला होता, बंगळुरूच्या एका मुलीनं आणि तिच्या दोन मित्रांनी केलेला. मी फोन हातात घेतला तर त्यांनी तो परत घेतला. वीस मिनिटं एका बोटानं टाइप करत बसले. यादीचं नाव असं होतं: 'निळी सायकल. दुसरं आणि सातवं चांगलं. बाकी सोडलं तरी चालते. बाबा.'

सोमवारी काही नाही. मंगळवारी काही नाही. दर तासाला ते फोन पाहायचे आणि खिशात टाकायचे. बुधवारी एका बैलाचा खूर कापताना त्यांचा हात थोडा चुकला, तीस वर्षांत पहिल्यांदा असेल. गुरुवारी सकाळी मी दवाखान्याचं कुलूप काढत होते तेव्हा ते मोटरसायकल स्टँडवरही न लावता माझ्याकडे आले आणि फोन दाखवला. यादीचं नाव बदललं होतं.

'सातवं नाही. आठवं. परत ऐका.'

ना खुशाली, ना रागावणं. त्यांनी व्हरांड्यातल्या बाकावर बसून दोन्ही कानांत वायर घातली. कामाच्या वेळेत त्यांना दोन्ही कान बंद करून बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. एक बाई कोंबड्यांचं औषध न्यायला आली, तिला मीच औषध दिलं. गाणं संपल्यावर त्यांनी ते पुन्हा लावलं.

"तिचं बरोबर आहे," ते म्हणाले. "आठव्यात ती पोट्टी मधातच चूप होते. फक्त गिटार राहते. मी समजलो गाणं संपलं, आणि मी लक्ष काढून घेतलं. ते संपलं नव्हतं."

यादोभाऊंनी मत बदललेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते त्या सकाळी.

मग दर आठवड्याला यादी. ते म्हणायचे दुसरं, पल्लवी म्हणायची चौथं. अल्बम शिळेचा असला तर ती मुद्दाम त्यालाच पहिला नंबर द्यायची, आणि यादोभाऊ दवाखानाभर कुरकुरत फिरायचे. दीड-दोन महिने हे चाललं. एकदा आम्ही कारध्याच्या पुलावरून भंडाऱ्याला लस आणायला जात होतो, मी जीप चालवत होते, आणि त्यांच्या फोनची रिंग वाजली. त्यांनी नाव पाहिलं आणि मला हातानं थांबायची खूण केली. पूल ओलांडून मी गाडी कडेला घेतली.

"हं, बोल," ते म्हणाले. पलीकडून काहीतरी आलं असावं. "नाही, मी काही नाही म्हणत. तू त्या वेळेले सांगत होतीस ना, अनूपचं. ते सांग. पुरं सांग."

ते खाली उतरून नदीकडे तोंड करून उभे राहिले, मला त्यांची एक बाजू दिसत होती. मी पाऊण तास जीपमध्ये बसून होते. त्या पाऊण तासात त्यांचे ओठ हललेले मला दिसले नाहीत. परत येऊन बसले तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचा होता. "चला जी," म्हणाले, "ऑफिस बंद होईल त्याईचं."

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपसमारंभात भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं. त्यांना बोलायला सांगितलं तर उठून म्हणाले, "जनावरांनी कधी तक्रार केली नाही, माणसांनी केली असल तं माफ करा," आणि खाली बसले. त्यानंतरच्या आठवड्यात सुमनकाकूंना घेऊन ते पुण्याला गेले. मुलीच्या घरी पहिल्यांदाच.

महिन्याभरानं त्यांचा फोन आला. एका मैदानावर निळ्या सायकलवाल्या मुलीचा कार्यक्रम होता आणि पल्लवी आणि अनूप त्या दोघांना घेऊन गेले होते. सगळी पंचविशीतली मुलं, त्यांत धोतर-टोपी नाही तरी पांढऱ्या केसांचे यादोभाऊ एकटेच. कुणीतरी खुर्ची आणून दिली, ती त्यांनी बायकोला दिली आणि स्वतः दोन तास उभे राहिले.

"कसा झाला कार्यक्रम?" मी विचारलं.

"चांगला झाला असल. माझं लक्ष जावयाकडं होतं."

"मग? जावई कसा आहे?"

ते थोडं थांबले. त्यांचं मत येणार हे मला त्या थांबण्यावरून कळलं.

"ताल नाही त्याले. बिलकुल नाही. टाळी वाजवते तं मात्राभर मागं. प्रत्येक गाण्यात. बाजूचे पोट्टे हसले, तरी थांबला नाही, मजेत वाजवून राहिला. मंग मी पल्लवीकडं पाहिलं. तिले ताल बरोबर येते मॅडम, लहानपणी भजनात झांजा तीच धरे. तर ती त्याच्याकडं पाहून त्याच्यासारखीच वाजवून राहिली होती. मागं."

"आणि तुम्ही?"

"आता दोघं तसं वाजवून राहिले," यादोभाऊ म्हणाले, "तं मी बी तसंच वाजवलं."