त्या बाजूचं काम

वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्याने घरोघर फिरायचं नाही तर काय करायचं? मशीन काही स्कूटरवर बसून त्याच्याकडे येत नाही. पण पेट्रोल पुन्हा महागलं आणि आमच्या मेकॅनिकच्या जिवाला चैन पडेना. उतार लागला की तो इंजीन बंद करायचा. सिग्नलला थांबला की काट्याकडे बघत बसायचा, आणि मागची गाडी हॉर्न वाजवून वैतागायची.

मग त्याने नियम काढला. एका बाजूची सगळी कामं एकाच खेपेत. धंद्यापुरता राहिला असता तर ठीक होतं, पण नियम घरात शिरला. बायकोचा दवाखाना, दळण, मुलीची शिकवणी, सगळं ‘त्या बाजूला काम निघालं की’. मैत्रिणीच्या वाढदिवसाला मुलीला त्याने दोन तास आधीच नेऊन सोडलं, कारण त्या गल्लीतलं काम दुपारी होतं.

“बाबा, तिची आई केसांना रंग लावत होती,” पोर रडकुंडीला येऊन म्हणाली. “मी भेट हातात घेऊन जिन्यात बसले.”

“अहो एकखेपे,” बायको म्हणाली, “जेवताना तरी पोळी आणि भाजी एकाच घासात उरकू नका.”

हसण्यावारी नेता न येणारी गोष्ट एकच होती. त्याची आई शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. आधी तो दर रविवारी जायचा. मग एक रविवार सोडून. मग फोनवरच सांगू लागला, “त्या बाजूला काम निघालं की येतोच, आई.” आई म्हणायची, “ये रे सवडीने.” आणि नेमकं त्या बाजूला काम निघेना. तिकडची माणसं कपडे हाताने धुवायला लागली होती की काय, देव जाणे! फोन ठेवला की तो उगाच पाने-पकडी पुसत बसायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. वाईट वाटायचं त्याला. पण पेट्रोलचा काटा आठवला की वाईट वाटणं मागे पडायचं. लाजिरवाणं आहे, पण खरं आहे.

एका सकाळी त्याला कामं देणाऱ्या दुकानातून फोन आला. “दादा, एका आजींच्या मशीनमध्ये पाणी येत नाहीये. पत्ता घ्या.”

पत्ता त्याच्या आईचाच होता. पोटचा मुलगा मेकॅनिक, आणि आईने तक्रार दुकानात नोंदवली होती! तो तसाच निघाला. वाटेतल्या उतारावर इंजीन बंद करायचंही त्याला सुचलं नाही.

आईने दार उघडलं आणि गिऱ्हाइकासारखं मशीनकडे बोट दाखवलं. त्याने मशीन पुढे ओढलं. बिघाड कसला! मागचा नळ गच्च बंद होता. तो नळ त्यानेच बसवलेला, दोन्ही हातांचा जोर लावल्याशिवाय न फिरणारा. म्हणजे दुखऱ्या गुडघ्यांनी आई त्या सांदीत शिरली होती.

“आई, नळ बंद होता.”

“हो का? मला मेलीला काय कळतंय त्यातलं!”

“अगं, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? मला फोन करायचा.”

“तुला केला असता तर तू काम निघायची वाट बघितली असतीस,” आई म्हणाली. “म्हटलं, आपणच काढावं.”

त्याला मान वर करवेना. तिने चहा केला, तो त्याने उभ्या उभ्याच घशाखाली ढकलला. पुढची गिऱ्हाइकं खोळंबली होती. त्याने हेल्मेट उचललं.

आई दारापर्यंत आली. “पुढच्या रविवारी फ्रीज बिघडेलसं वाटतंय,” ती हळूच म्हणाली.

“फ्रीजला हात लावू नकोस. मी येतो.”

“पण या बाजूला काम आहे का तुझं?”

“आहे,” तो म्हणाला. मग हेल्मेट खाली ठेवून खुर्चीत बसला आणि त्याने आणखी अर्धा कप चहा मागितला.