अर्थिंगला पाणी

आधीच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि मी गेलो तो भौतिकशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकायला. आजवर मी सलग काही लिहिलं असेल तर ते प्रॅक्टिकलचं जर्नल. उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षणं, निष्कर्ष. त्यात माणसं नसतात. इथे आहेत. त्यामुळे कुणाबद्दल काही कमी-जास्त लिहिलं गेलं तर ते सवय नसल्यामुळे, एवढं समजून घ्यावं.

आमचं गाव वडीगोद्रीपासून आत आहे. घरची मोसंबीची बाग आहे. बारावी झाल्यावर मी बी.एस्सी.ला जातो म्हणालो, तेव्हा वडिलांनी एकच विचारलं. वडिलांना आम्ही आबा म्हणतो.

"किती वर्षं?"

"तीन."

"मंग तीनच. चौथं न्हाई. बागेत मलाबी माणूस लागतो."

ते रागाने म्हणाले नाहीत. बागेचं पाणी बंद करून ताण कधी द्यायचा, तो तोडून झाडांना पाणी कधी सोडायचं हे जसं ठरवतात, तसं ठरवून म्हणाले. आणि ताण एकदा ठरला की आबा एक दिवस इकडे-तिकडे करत नाहीत, हे मला माहीत होतं.

कॉलेज तालुक्याला. मी इलेक्ट्रॉनिक्स घेतलं ही बातमी गावात पसरली आणि पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काकू मिक्सर घेऊन आल्या. त्यांच्या मागोमाग एकजण टीव्हीचा रिमोट घेऊन आला, एकाने तर मोटारीचा स्टार्टरच खोलून पोत्यात बांधून आणला. आमचं तेव्हा सेमिकंडक्टर चाललं होतं. इलेक्ट्रॉन जिथे नसतो त्या रिकाम्या जागेला होल म्हणतात आणि ती रिकामी जागाच पुढे सरकते, हे मी नुकतंच शिकलो होतो आणि फार खूश होतो.

"काकू, आम्हाला अजून मिक्सर शिकवला नाही," मी म्हणालो.

"मंग रोज एवढ्या दूर जाऊन काय शिकून राह्यला?"

मी त्यांना रिकाम्या जागेबद्दल सांगितलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं, मिक्सर काखेत मारला आणि आबांना म्हणाल्या, "पोरगं चांगलं हाय. जरा टाइम लागंल."

टाइम लागलाच. पुस्तकं सगळी इंग्रजीत. माझ्या डोक्यात शाळेतले शब्द बसलेले होते. विद्युतधारा, विभवांतर, रोध. सर काही विचारत, मला उत्तर यायचं, पण ते आधी मराठीत यायचं. त्याचं इंग्रजी करेपर्यंत सर पुढच्या बाकावर गेलेले असत. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ॲम्प्लिफायरचं प्रॅक्टिकल होतं, आणि नंतर तोंडी. परीक्षकांनी तीन प्रश्न विचारले. त्यातल्या दोनाची उत्तरं मला येत होती. मी एकही शब्द बोललो नाही. टेबलाच्या कडेला निघालेला सनमायका बघत उभा राहिलो.

त्या विषयात राहिलो. आमच्याकडे निकाल लागला की मुलं एकमेकांना दोनच प्रश्न विचारतात. "किती राहिले?" आणि काहीच राहिलं नसेल तर, "ऑल क्लियर का?" मी पहिल्या प्रश्नातला झालो.

घरी सांगितलं, "आबा, एक राहिलंय."

"काय राह्यलं?"

"प्रॅक्टिकल. तिसऱ्या वर्षाबरोबर देता येतं."

"मंग देऊन टाक," आबा म्हणाले, आणि जरा थांबून, "तिसऱ्यातच."

म्हणजे आता सगळं त्या एका प्रॅक्टिकलवर आलं. ते पुन्हा राहिलं असतं तर पदवी नाही, आणि चौथं वर्षही नाही.

तिसऱ्या वर्षी आमच्या सरांनी मला दुपारी लॅबमध्ये सराव करायची परवानगी दिली. माझ्या टेबलावर माझी प्रॅक्टिकलची जोडीदार असायची. तालुक्याच्या मोंढ्यात धान्याची आडत असलेल्या मारवाडी घरातली मुलगी. घरी राजस्थानी, दुकानात हिंदी, कॉलेजात मराठी आणि माझ्याशी सरळ टोमणे.

"तू मनात उत्तर देतोस ते परीक्षकाला ऐकू येत नाही," ती म्हणायची. "आवाजाचा ॲम्प्लिफायर आधी तुलाच बसवायला पाहिजे."

पण सराव करायला बसलो की वेगळीच अडचण यायची. सीआरओ नावाच्या यंत्राच्या पडद्यावर ॲम्प्लिफायरमधून येणारी लाट दिसते. ती स्थिर असली तर चौकोन मोजून तिची उंची काढता येते. आमची लाट स्थिर नसायची. जाड, फुगलेली, पाण्यात पडलेल्या दोरीसारखी हलत राहायची. पावसाळ्यात जरा बरी असायची, फेब्रुवारीनंतर बघवत नसे. सरांनी प्रोब बदलले, ट्रान्झिस्टर बदलले, एक सीआरओ दुरुस्तीला जालन्याला पाठवला. तो "बिलकुल ठीक आहे" अशी चिठ्ठी चिकटवून परत आला. शेवटी सगळे जण मागच्या वर्षीच्या जर्नलातली रीडिंग उतरवायला लागले. मीही उतरवली. पण परीक्षेत जर्नल जवळ नसतं.

एका दुपारी सीआरओ सरकवताना माझ्या मनगटाची मागची बाजू त्याच्या पत्र्याला लागली. बारीक मुंग्या आल्या. शॉक नव्हे, नुसत्या मुंग्या. आणि मला आमच्या घरचा कूलर आठवला.

आमच्याकडे उन्हाळ्यात कूलरला हात लागला की अशाच मुंग्या येतात. तसं झालं की आई म्हणते, "अर्थिंग वाळलं, जा." घरामागे खड्डा आहे. त्यात पाइप उभा पुरलाय, भोवती कोळसा आणि मीठ. त्यात दोन घागरी पाणी ओतायचं. मुंग्या जातात. चैत्रापासून मृगापर्यंत हे काम लहानपणापासून माझ्याकडे. आमच्या भागात घरोघर कुणाकडे तरी हे काम असतंच.

मी जोडीदारणीला म्हणालो, "आपण अर्थिंगला पाणी घालून बघू का?"

तिने माझ्याकडे बघितलं. "कशाला? उगवेल का?"

शेजारच्या टेबलावरचे हसले. सरही जरासे हसले, पण म्हणाले, "बघ घालून. नुकसान तर काही नाही."

लॅबच्या मागे कडुनिंबाखाली एक खड्डा होता, त्यातून पाइप वर आलेला. मी बादली भरून ओतली. आत येऊन पडदा बघितला. मला लाट बरीच बारीक झाल्यासारखी वाटली. "झाली ना कमी?" मी म्हणालो.

तिने पडद्यावरचे चौकोन मोजले, वहीत बघितलं आणि म्हणाली, "तेवढीच आहे. तुला व्हायला पाहिजे म्हणून वाटतंय."

मी चार दिवस रोज पाणी घातलं. चार दिवस तिने मोजलं. तेवढीच. पाचव्या दिवशी मी गेलो नाही. गावाकडची गोष्ट लॅबमध्ये सांगितली आणि चारचौघांत शोभा झाली, असं वाटत राहिलं.

सहाव्या दिवशी त्या कडुनिंबाखाली लॅबचे मामा भेटले. लॅबमध्ये कपाटांच्या किल्ल्या, स्टूल, पुसणं हे सगळं बघणाऱ्या माणसाला आमच्या कॉलेजात मामाच म्हणतात.

"काय रे, पाणी द्यायचं बंद केलं का? लिंबाला बरं चाललं होतं."

"काही फरक पडत नाही, मामा."

"त्येला कसा पडंल? त्या खड्ड्याची पट्टी तर नवी वायरिंग केली तवाच काढून टाकली. मी इथंच उभा व्हतो."

"मग आता अर्थिंग कुठे आहे?"

"ते काय मला न्हाई माहीत बाबा. मला विचारलं तर सांगंल ना मी. कोण विचारतंय."

मी पळत वर गेलो आणि जोडीदारणीला बोलावून आणलं. मीटरच्या पेटीतून अर्थिंगची लोखंडी पट्टी निघते, तिच्या मागे मागे आम्ही चालत गेलो. भिंतीच्या कडेने, नळाच्या मागून, कोपरा वळून सायकल स्टँडपर्यंत. तिथे पट्टी जमिनीत शिरली होती. वर मुरूम टाकलेला, त्यावर प्राचार्यांची स्कूटर. मामांनी स्कूटर सरकवली. खाली झाकण निघालं, आणि झाकणाखालची माती भाजलेल्या विटेसारखी कोरडी.

"घरी जाऊन येते," ती म्हणाली. अर्ध्या तासाने दुकानातलं पाच किलो खडेमीठ घेऊन आली. "पप्पांनी विचारलं, कॉलेजात लोणचं घालताय का."

मीठ टाकलं, चार बादल्या पाणी जिरवलं. वर आलो. या वेळी मी पडद्याकडे आधी बघायचंच नाही असं ठरवलं. तीच बघेल, तीच मोजेल. तिने चौकोन मोजले, पुन्हा मोजले. मग वही माझ्याकडे सरकवली. लाट पेन्सिलने काढल्यासारखी बारीक उभी होती. सरांना बोलावलं. त्यांनी सीआरओच्या पत्र्यावर मनगट टेकवून बघितलं, मग पुन्हा टेकवलं. "अरे," ते म्हणाले, "आणि मी ट्रान्झिस्टर बदलत बसलो." त्या दिवशी पूर्ण वर्गाने खरी रीडिंग घेतली. जुन्या जर्नलांशी ती जुळली नाहीत आणि सर म्हणाले, न जुळलेलीच लिहा.

परीक्षा एप्रिलमध्ये होती. आधी चार दिवस सुट्ट्या आल्या, पाणी कुणी घातलं नाही. बाहेरचे परीक्षक सर सकाळीच आले. आमचे सर परीक्षेच्या दुसऱ्या खोलीत अडकलेले. मी सर्किट जोडलं, सीआरओ लावला. लाट जाड, हलणारी. मनगट टेकवलं. मुंग्या.

सनमायका निघालेलं तेच टेबल होतं. मी त्याच्याकडे बघत उभा राहिलो. पलीकडच्या टेबलावर माझी जोडीदार तिचं प्रॅक्टिकल करत होती. तिने मान वर केली नाही, फक्त स्वतःच्या गळ्यावर दोन बोटं ठेवून आवाज वाढवायचं बटण फिरवल्यासारखं केलं.

"सर," मी म्हणालो. "मला दोन मिनिटं बाहेर जाऊन यायचंय."

"पेपर सुरू असताना? कशाला?"

"अर्थिंगला पाणी घालायला."

परीक्षक सरांनी चष्मा काढला. "चला," ते म्हणाले, "मीही येतो."

मामांनी बादली आणून दिली, स्कूटर सरकवली. मी ओतू लागलो आणि परीक्षक सरांनी तिथेच, सायकल स्टँडच्या तापलेल्या पत्र्याखाली माझी तोंडी परीक्षा सुरू केली. मीठ कशाला? कोळसा कशाला? जमिनीचा आणि त्या लाटेचा संबंध काय? मी इंग्रजी शोधायला लागलो आणि अडखळलो.

"मराठीत सांगा की. मला येते," ते म्हणाले.

मग मी सांगितलं. ओल्या मातीचा रोध कमी होतो, मीठ त्या पाण्यातून विद्युतधारा वाहू देतं, कोळसा ओल धरून ठेवतो. पत्र्याचं आणि जमिनीचं विभवांतर शून्याजवळ आलं की मेन लाइनची गुणगुण ॲम्प्लिफायरमध्ये शिरत नाही. हे सांगताना माझ्या हातात बादली होती, म्हणून असेल, पण शब्द अडत नव्हते. हे काम मी आठ वर्षांचा असल्यापासून करत होतो. त्यांनी गेनबद्दल विचारलं, बँडविड्थबद्दल विचारलं. मी सांगत गेलो. एक उत्तर चुकलं. ते मी वर जाऊन, आता बारीक झालेल्या लाटेची रीडिंग घेऊन, दुरुस्त करून सांगितलं.

"घरी हे कोण सांगतं तुम्हाला?" जाताना त्यांनी विचारलं.

"आई, सर."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. काय, ते दिसलं नाही.

निकाल लांबला. मी बागेत आबांच्या हाताखाली होतो. आबा निकालाचं विचारत नव्हते. फक्त एकदा, ड्रिपच्या नळ्या धुताना म्हणाले, "पुढच्या बहाराला माणूस बघावा लागंल का न्हाई, ते कळलं म्हंजे बरं." जूनमध्ये वादळात विजेचा खांब पडला आणि गावाची लाइट तीन दिवस गेली. माझा मोबाइल दुसऱ्याच दिवशी बंद पडला. आबांचा बटणांचा फोन मात्र आठवडाभर चालतो, आणि कॉलेजच्या फॉर्मवर मी पहिल्या वर्षी त्यांचाच नंबर दिलेला होता, कारण तेव्हा माझ्याकडे फोन नव्हता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आबा वडीगोद्रीहून खताची गोणी घेऊन आले. गोणी उतरवली, हातपाय धुतले, चहा घेतला. काकूही येऊन बसल्या होत्या. मिक्सर या वेळी नव्हता, लाइटच नव्हती. आबा बराच वेळ माझ्याकडे बघत होते. सांगावं की नाही, असं त्यांचं चाललं असावं.

"तुझ्या कॉलेजातल्या एका पोरीचा फोन आल्ता," ते शेवटी म्हणाले. "सकाळधरनं तीनदा केला तिनं. मला काय उमगलं न्हाई, म्हणून बोललो न्हाई. तीनदा एकच सांगून राह्यली."

"काय म्हणाली?"

आबांनी कप खाली ठेवला.

"ऑल क्लियर, म्हनली. चांगलं असतं का ते?"