पहिली रोटी कोणाची

नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या त्या चार गल्ल्यांत लग्न असो की तेरवी, उलट्या मडक्यावर पहिली लांब रोटी पंचफुलाबाईच टाकणार, हा बावीस वर्षांचा रिवाज होता. कणीक सैल भिजवायची, परातीत आपटून आपटून तिला तार आणायची, गोळा दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत लांबवायचा आणि मऊ धोतरासारखा तापल्या मडक्यावर सोडायचा. बाकीच्या बायकाही रोट्या टाकत, पण पंचफुलाबाईंची पहिली उतरल्याशिवाय कोणी गोळ्याला हात लावत नसे. हा मान त्यांना कोणी लिहून दिला नव्हता. म्हणून तर त्या तो डोळ्यांत तेल घालून जपत.

आता मान जपणारं माणूस मनानं वाईटच असतं असं नाही. पंचफुलाबाईंचा हात सढळ होता, फक्त दिलेलं चारचौघांना दिसलं पाहिजे एवढीच त्यांची अट असे.

त्यांची सून मिनल हिचं चौकात ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान होतं. गेल्या दिवाळीनंतर तिथे एका समितीची माणसं आली. पाकिस्तानातून, सिंधमधून, एक हिंदू कुटुंब घरदार सोडून आलं होतं. नवरा, बायको आणि दोन मुली. शहरातल्या सिंधी वस्तीत नातलगांकडे दाटी झाली होती, इकडे कुठे खोली मिळेल का, असं ती विचारत होती. मिनलनं ही गोष्ट भीतभीत, घरी भरलेल्या महिला मंडळात काढली. मंडळाच्या प्रमुख यमुताई अजून चष्माच पुसत होत्या, तोवर पंचफुलाबाई बोलून गेल्या.

"माह्या मागची खोली रिकामी हाय ना! सहा महिने भाडं नोको मले. घर माह्या नावावर हाय, कोनाले विचारा लागत नाही."

शेवटचं वाक्य नवऱ्यासाठी, म्हणजे रुपरावांसाठी होतं. ते बाहेर ओट्यावर चहा पीत बसले होते आणि त्यांनी ते ऐकलंही. पारशिवनीच्या बापाच्या शेतातला आपला वाटा विकून पंचफुलाबाईंनी हा प्लॉट घेतला होता, हे ते तीस वर्षं ऐकत आले होते.

कुटुंब आलं. अकरा बोचकी आणि चार माणसं. बायकोचं नाव ईश्वरी. ती चाळिशीची, उंच, हाडकुळी, आणि डोक्यावरची ओढणी पडू नये म्हणून सतत एक हात अडकलेला. पंचफुलाबाईंनी गादी दिली, शेगडी दिली, मुलींना शाळेत नेऊन बसवलं. ईश्वरीला बाजार दाखवला, कोणता भाजीवाला काट्यात मारतो ते सांगितलं. गल्लीतून तिला घेऊन चालताना त्या मुद्दाम हळू चालत. तो पहिला महिना पंचफुलाबाईंइतकं सुखी माणूस अख्ख्या नागपुरात नसेल.

दुसऱ्या महिन्यात बिनसलं.

झालं असं, की ईश्वरी लोकांना आवडू लागली. घेणाऱ्यानं घेत राहावं, मान खाली घालावी, इथवर ठीक होतं. ती आवडावी हे काही ठरलेलं नव्हतं. ती एका दुपारी कांदा-मिरची घातलेली जाड सिंधी पोळी, कोकी, घेऊन आली. रुपरावांनी ती दह्यासोबत खाल्ली आणि म्हणाले, "काय खुसखुशीत करते वं ही बाई! थोडी शिकून घे ना तिच्याजवळून." बावीस वर्षं लांब रोटीचा मान मिळवलेल्या बाईला हे ऐकवणारा नवरा एक तर शूर असावा, नाहीतर अगदीच बावळट. रुपराव शूर नव्हते.

पण खरा काटा रुतला तो मिनलचा. लग्नाला सहा वर्षं झाली, मिनल कधी उलट बोलली नाही, पण सासूशेजारी दहा मिनिटं बसलीही नाही. "आई, काही पाहिजे का?" म्हणायची आणि निघून जायची. तीच मिनल आता दुकानातून आली की थेट मागच्या खोलीत. व्हिसाचे कागद, फोटो, अंगठे, म्हणायला कामच होतं. पण कागद भरताना माणूस एवढं हसतं का? मागून हसण्याचा आवाज यायचा आणि पंचफुलाबाईंच्या हातातली भाजी निवडता निवडता अर्धी केरात जायची.

"भटाले देल्ली ओसरी अन् भट हातपाय पसरी," त्या शेजारणीला म्हणाल्या.

त्यात ईश्वरीचा तो शब्द. ती बोलायची हिंदी, तेही अडखळत. पण एक मराठी शब्द मात्र तिनं बरोबर उचलला होता, असं पंचफुलाबाईंचं मत झालं. सकाळी नळाला पाणी आलं की ही घागर घेऊन उभी. "आधी, पानी भर लूं?" दोरीवर कपडे घालायचे तर, "आधी, मैं डालूं?" गॅसवाला आला तर, "आधी, मैं जाऊं?" उठता बसता आधी, आधी, आधी! एवढ्या भाषेतून बाईनं आपल्या मतलबाचा नेमका एकच शब्द शिकावा, याला काय म्हणायचं? आणि गंमत अशी, की यमुताईंना ती आंटी म्हणे, मिनलला मिनल म्हणे. हे आधी-आधीचं टुमणं फक्त पंचफुलाबाईंपुढे.

"मलेच बाजूले सारून राहिली ते," त्या रुपरावांना म्हणाल्या. "माह्याच घरात माह्या पुढं नंबर लावते."

"पानीच तं भरते बापा," रुपराव म्हणाले. "भरू दे ना."

"तुमी तं बोलूच नोका. कोकी खाऊन बसा."

तर अशा पोटदुखीत चैत्र आला. हनुमान जयंतीच्या दोन दिवस आधी मिनलनं एक कागद आणून सासूच्या हातात दिला. ईश्वरीच्या कुटुंबाच्या व्हिसाची मुदत वाढवायची होती. ही माणसं माझ्या घरात राहतात आणि पुढेही राहतील, असं घरमालकानं लिहून द्यायचं होतं. मजकूर मिनलनंच छापून आणला होता, फक्त सही हवी होती.

"मंगळवारी अर्जासंगं द्या लागते आई. हे नसलं तं मुदत वाढत नाही. मंग कुठं जातीन बिचारे?"

"ठेव. चष्मा लावून पायतो," पंचफुलाबाई म्हणाल्या.

त्यांनी चष्मा लावला, कागद वाचला आणि 'पुढेही राहतील' या शब्दांवर त्यांचं बोट थांबलं. पुढेही म्हणजे किती पुढे? मिनल अशीच मागे बसणार? मागच्या खोलीतून तेवढ्यात हसण्याचा आवाज आला. पंचफुलाबाई उठल्या, कणकेच्या मोठ्या डब्याचं झाकण काढलं, कागदाची घडी केली आणि कोपरापर्यंत हात घालून ती तळाशी दाबून टाकली. आपण काय करतो आहोत हे त्यांना चांगलं कळत होतं. दोन दिवस जरा तडफडू देत, मग पाहू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मत्सराची हीच खोड. तो नेहमी दोन दिवसांचीच मुदत मागतो.

दुसऱ्या दिवशी मिनलनं कागद मागितला.

"कोनता कागद? मी तं टेबलावर ठेवला होता वं," पंचफुलाबाई म्हणाल्या. मिनलनं टेबल पाहिलं, कपाट पाहिलं, रद्दी उपसली. ईश्वरी येऊन खाली वाकून पलंगाखाली झाडून पाहू लागली. मिनल रडकुंडीला आली, माझीच चूक झाली म्हणाली, दुसरा छापते म्हणाली. पंचफुलाबाई पोळ्या लाटत होत्या आणि डब्यातून कणीक घेताना वरवरचीच घेत होत्या.

"दुसऱ्यावर मी सही नाही करत," त्या मागे न वळता म्हणाल्या. "घराचा मामला हाय. इचार करा लागीन."

मिनल सासूकडे पाहत राहिली. मग दुकानात निघून गेली.

हनुमान जयंतीला मंदिरामागे महाप्रसादाची तयारी सुरू झाली. तीन चुली, तीन उलटी मडकी, परातभर कणीक. मदतीला यमुताईंनी ईश्वरीलाही बोलावलं होतं. ती आदल्या आठवडाभर मिनलसोबत लांब रोटीचा हात शिकत होती, हेही पंचफुलाबाईंना तिथेच कळलं. त्या पदर खोचून उभ्या राहतात तोच ईश्वरीनं परातीतला गोळा उचलला, मडक्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि हसून विचारलं, "आधी, मैं डालूं?"

पंचफुलाबाईंचा तिळपापड झाला.

"हरएक ठिकानी तूच आधी काहून वं? पान्याले तू आधी, दोरीवर तू आधी, माह्या घरात तू आधी! आता रोटी बी तूच आधी टाकशीन का? बावीस वर्षं झाले मले, बावीस!"

ईश्वरीला निम्मे शब्द कळले नसावेत, पण आवाज कोणत्याही भाषेत कळतो. तिनं गोळा परातीत ठेवला, हात पुसले, ओढणी सावरली आणि निघून गेली. पंचफुलाबाईंनी गोळा घेतला. लांबवला. मडक्यावर सोडला, तेव्हा त्याला मधोमध तळहाताएवढं भोक पडलं होतं. यमुताईंनी फक्त दुसरा गोळा पुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी दुपारी पंचफुलाबाई मागच्या अंगणात वाळवणावरची कापडं सारखी करत होत्या. मागच्या खोलीची खिडकी उघडी होती. आत ईश्वरी बोचकी बांधत होती. सहा बांधून झाली होती, सातव्याची गाठ ती दातांनी आवळत होती. खाली फोन ठेवलेला, आवाज मोठा केलेला. फोनमधली कोणी बाई रडत होती आणि रडता रडता एकच शब्द म्हणत होती.

"आधी... आधी... आधी..."

पंचफुलाबाई थबकल्या. ती तिकडची बाई हजार कोस दूर बसून कशात आधी नंबर लावत होती?

मिनल कपडे घ्यायला बाहेर आली. कालपासून ती सासूशी बोलली नव्हती. पंचफुलाबाईंना राहवलं नाही.

"ते फोनवरची बाई आधी-आधी काहून करून राहिली वं?"

मिनलनं त्यांच्याकडे पाहिलं. काय विचारत आहेत ते तिला लगेच कळलं नाही. मग कळलं.

"आधी नाही आई, अदी. त्यायच्या भाषेत मोठ्या बहिनीले अदी म्हनते. ते धाकटी हाय तिची, तिकडंच राह्यली. तिले व्हिसा नाही भेटला."

"मंग... मले काहून म्हनते?"

"मोठी बहीन समजते म्हनून," मिनल म्हणाली. "इथं आनखी कोनालेच नाही म्हनत ते. मले बी नाही."

पंचफुलाबाई वाळवणाशी उभ्याच राहिल्या. चार महिन्यांतली सगळी वाक्यं एकेक करून परत आली. ताई, पाणी भरू का? ताई, कपडे घालू का? ताई, मी जाऊ का? बाई नळाशी उभी राहून दर वेळी परवानगी मागत होती आणि त्या दर वेळी तिला मतलबी समजत होत्या. ताई, मी टाकू का? तेही विचारलंच होतं तिनं, सगळ्यांसमोर, हसून.

त्या आत गेल्या. डब्याचं झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात घातला. मिनल मागे दारात येऊन उभी होती. तिनं डब्यातून निघणारा हात पाहिला, हातातला कागद पाहिला.

"आई," ती म्हणाली.

"पेन दे," पंचफुलाबाई म्हणाल्या. त्यांनी सही केली आणि कागद स्वतः घेऊन मागे गेल्या. ईश्वरी उठून उभी राहिली. तिनं कागद घेतला, सही पाहिली, कपाळाला लावला. मग घडी उलगडून झटकला. घडीतलं पीठ भुर्रकन उडालं. तिनं आपल्या पांढऱ्या झालेल्या बोटांकडे पाहिलं, पंचफुलाबाईंच्या कोपरापर्यंत माखलेल्या हाताकडे पाहिलं. रोट्या करणाऱ्या बाईला एवढं पुष्कळ असतं. सातव्या बोचक्याची गाठ तिनं सोडली, आतून पेला काढला आणि पंचफुलाबाईंना पाणी दिलं. त्यांनी ते उभ्यानंच प्यायलं.

यथावकाश मुदत वाढली. ते पत्र आलं त्या आठवड्यात पंचफुलाबाई ईश्वरीला घेऊन इतवारीत गेल्या. नवं मडकं घ्यायचं होतं, यमुताईंच्या नातीचं लग्न तोंडावर आलं होतं. पहिली रोटी या वेळी ईश्वरीनं टाकायची, हे पंचफुलाबाईंनी स्वतःच जाहीर केलं होतं, अर्थात चारचौघांत. हातगाड्यांच्या गर्दीतून वाट काढत दोघी मडकेवालीपुढे बसल्या. पंचफुलाबाई मडकं वाजवून पाहत होत्या, तेवढ्यात ईश्वरी मडकेवालीला म्हणाली, "अदी, थोड़ा कम करो ना."

पंचफुलाबाईंच्या बोटाखालचं मडकं वाजायचं थांबलं.

भाव तुटला, मडकं घेतलं, ऑटोत बसल्या. नंदनवन येईपर्यंत पंचफुलाबाई मडकं मांडीवर धरून बाहेर बघत बसल्या. फाटकाशी उतरल्यावर मात्र त्यांना धीर धरवला नाही.

"तिले काहून अदी म्हनलं वं?"

ईश्वरी हसायला लागली. "वो तो भाव कम करनेवाली अदी थी."

"अन् मी?"

ईश्वरीनं त्यांच्या हातातलं मडकं आपल्या कडेवर घेतलं.

"आप? आप तो आटेवाली अदी."

आणि ती फाटक लोटून आत गेली. ती रोट्यांबद्दल बोलली की कागदाबद्दल, हे विचारायची पंचफुलाबाईंना हिंमत झाली नाही. त्या थोडा वेळ बाहेरच उभ्या राहिल्या, मग फाटक लावून तिच्या मागे गेल्या.